बर्फगाडीचा पोळा

शेंदवाडीत भागवतराव बिरादारांना सगळे मान द्यायचे, आणि त्यांचं खरं दुखणं तेच होतं.

ते पारावर आले की कोणीतरी लगबगीनं उठून खुर्ची आणायचं. बाकीचं गाव पाराच्या दगडावर, काढून ठेवलेल्या चपलेवर, नाहीतर सरळ मातीत बसलेलं असायचं. भागवतराव तेवढे प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीत. पहिला चहा त्यांना, लग्नात फेटा त्यांना, आणि वर हाक मारायची ती ‘साहेब’ म्हणून. आता हा माणूस साहेब कशाचा? उभा जन्म लातूरच्या एसटी वर्कशॉपात बसच्या पोटाखाली उताणा पडून गेलेला. रिटायर होता होता हेड मेकॅनिक झाला, एवढंच. नखांतलं काळं ऑइल अजून पुरतं निघालं नव्हतं. जन्म शेंदवाडीचाच, पण भागवतराव गोट्या खेळण्याच्या वयाचे असताना वडिलांनी बैलजोडी विकली आणि बिऱ्हाड लातूरला नेलं. रिटायर झाल्यावर भागवतराव आणि विमलबाई परतले, वाटणीच्या तुकड्यावर दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड उभं केलं. गावानं हसतमुखानं स्वागत केलं आणि त्यांना कायमचं परक्यात जमा करून टाकलं.

पोळ्याला हे फारच सलायचं. शेंदवाडीचा पोळा निलंगा तालुक्यात नाव घेण्यासारखा. मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, बैलांच्या कपाळाला बाशिंगं, अंगावर झुली, मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात, आणि तोरणाखालून सगळ्यांच्या पुढं जाते ती अमृतराव पाटलांची मानाची जोडी. मागून गावाच्या जोड्या आणि त्यांच्याही मागून हल्ली झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर. ज्याच्या हातात कासरा तो चिखलात, घामात, हलगीच्या दणक्यात. ज्याच्या हातात काही नाही तो बाहेरगावच्या जावयांच्या रांगेत, खुर्चीवर. भागवतराव दरसाल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्या रांगेत बसायचे आणि घरी येऊन पुरणपोळीला धड हात लावायचे नाहीत.

“एवढं मनाला लागतंय तर एक जोडी घ्या की,” विमलबाई म्हणाल्या.

“मला बैलातलं काय कळतंय? लाथ मारली तर कुठला नट ढिला झालाय, कुणाला इचारू?”

खरं तर त्यांना बैल नको होता. त्यांना गावाचं व्हायचं होतं. आणि ते कसं व्हायचं, हे कुठल्याच टूलबॉक्समध्ये सापडत नव्हतं.

अशात सिद्धेश्वर आला. हा नांदेडचा. पूर्वी एसटीवर ड्रायव्हर, आता स्वतःचा ट्रक. अर्धापूरची केळी भरून पार हिमाचल, काश्मीरपर्यंत न्यायची आणि येताना सफरचंदं आणायची, हा त्याचा धंदा. ट्रक कुरकुरला की तो वाट वाकडी करून भागवतरावांकडं यायचाच, कारण त्याच्या ट्रकला दुसऱ्या कुणाचा हात मानवायचा नाही. त्या दिवशी त्यानं चहा पिता पिता मोबाइल पुढं केला.

“मामा, हे बगा काय भानगड हाय. एका हॉटेलच्या मागं पडून राहिली हाय कवापासून.”

फोटोत एक नारिंगी रंगाची बुटकी गाडी होती. खाली टायर नाहीत. दोन्ही अंगांना रुंदच रुंद पट्टे. काचेतून एक कोंबडी बाहेर बघत होती.

भागवतरावांनी फोटो मोठा केला, बारका केला, पुन्हा मोठा केला. चहा निवून गेला.

“कशाची गाडी म्हणायची ही?”

“बर्फावरची. जुन्या काळात तिकडल्या हॉटेलवाल्यानं इलायतेहून आणली व्हती म्हणे, गिऱ्हाइकाला फिरवायला. आता कोंबड्या अंडी घालून राहिल्या तिच्यात.”

पुढच्या खेपेला केळीच्या ट्रकात सिद्धेश्वरच्या शेजारी भागवतराव बसलेले होते. विमलबाईंना सांगितलं, देवदर्शनाला चाललो. देव कोणता ते त्यांनी विचारलं नाही. नवऱ्याच्या पिशवीत पान्यांचा सेट बघितल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

भागवतरावांनी आयुष्यात बर्फ बघितला होता तो रसवंतीतला. तिकडं डोंगरातल्या त्या हॉटेलच्या मागं जायला म्हणून ते रस्ता सोडून खाली उतरले आणि गुडघ्यापर्यंत खचले. एक पाय काढावा तर दुसरा आत. हॉटेलमालक हसला आणि म्हणाला, ही गाडी याच बर्फावरून दिवसभर हिंडायची, आणि पट्ट्याच्या खुणेपलीकडं काही उमटायचं नाही. माणूस बुडतो तिथं ही लोखंडी गाडी बुडत नाही, हे ऐकून भागवतराव तसेच उभे राहिले. थंडीनं नाक गळत होतं, पाय बधिर झाले होते, आणि डोळ्यांपुढं शेंदवाडीची काळी माती होती. भर पावसात त्या मातीत बैलगाडी आसापर्यंत जाते, ट्रॅक्टर जागच्या जागी कबर खोदून घेतो, आणि महिना महिना रानाची वाट बंद पडते. हे पट्टे तिथं चालले तर?

त्यांनी गाडी घेतली. पेन्शनीतल्या शिलकीचा चांगला मोठा लचका तुटला, तो किती ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि आपणही सांगायला नको. परतीच्या ट्रकात सफरचंदांच्या जागी ती गाडी चढली.

शेंदवाडीत ट्रकचा फाळका पडला तेव्हा निम्मं गाव जमा झालं होतं. गाडी फळ्यांवरून खाली घसरली आणि दार उघडून पिसं, वाळलेली शिट आणि दोन अंडी बाहेर आली. विमलबाईंनी पदर नाकाला लावला आणि गाडीला एक पुरी प्रदक्षिणा घातली.

“हे तुमचं देवदर्शन?”

भागवतराव अंड्यांकडं बघत राहिले.

“परसाद बी आणलाय वाटतं,” विमलबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या. पण संध्याकाळी केरसुणी आणि बादलीभर साबणाचं पाणी घेऊन गाडीतली घाण काढायला त्याच आधी वाकल्या, हेही सांगितलं पाहिजे.

शेजारचा मलप्पा मात्र सुटलाच. हा भागवतरावांच्या बांधाला बांध असलेला शेतकरी, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या आजोळी वाढलेला, आणि जिभेला हाड नसलेला. “यप्पा! साहेब, बर्फ पडायची वाट बघालाव का आता? का फ्रीजमधी चालवनार?” असं तो रोज सकाळी कुंपणावरून विचारायचा. रोज. भागवतरावांना त्याचं मनातून बरंच वाटायचं. गावात त्यांची थट्टा करणारा तो पहिला माणूस होता.

मग शेडमध्ये ठोकाठोक सुरू झाली. इंजिन ठार जाम होतं. भागवतरावांनी प्लग काढून त्यात डिझेल आणि ऑइल ओतलं आणि औषध पाजलेल्या रोग्यासारखं त्याला निवांत पडू दिलं. रोज सकाळी दात घासले की पान्यावर हलका जोर देऊन बघायचं. हललं नाही तर रागवायचं नाही. एका सकाळी पाना केसभर सरकला, आणि तोंडात मंजन तसंच ठेवून भागवतराव विमलबाईंना बोलवायला पळत गेले. पिस्टनच्या रिंगा कुठंच मिळेनात, तेव्हा लातूरच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या लेथवाल्याकडून बनवून घेतल्या. कार्बोरेटर त्यांनी घरच्या परातीत सुटा केला आणि ती परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, यावरून घरात जे झालं ते झालं.

पट्ट्यांचं काम सगळ्यात अवघड. जुनं रबर उन्हात भेगाळून पापडासारखं तुटत होतं. नवे पट्टे जगात कुठं बनत नव्हते. भागवतराव निलंग्याच्या बाजारात भंगारवाल्याकडं गेले आणि तिथं त्यांना साखर कारखान्यातला कन्व्हेअरचा पट्टा दिसला, जो उसाच्या मोळ्या वाहून वाहून जुना झाला म्हणून कारखान्यानं काढून टाकलेला होता. जाड, आत दोऱ्याचे थर, रुंदीला हवा तेवढा. त्यावर आडव्या पट्ट्या बसवायला बसचे जुने कमानपाटे कापले. एकेक भोक, एकेक बोल्ट. मूळ रंग खरवडून सापडला तसाच नारिंगी लावला, दारावरची इलायती अक्षरं कुणाला वाचता येत नसताना जशीच्या तशी पुन्हा रंगवली. “वाचता येत न्हाई म्हणून नाव पुसायचं का?” असं त्यांचं म्हणणं.

गाडीला स्टिअरिंग नव्हतं. दोन दांडे होते. डावा ओढला की डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं. मलप्पानं ते बघितलं आणि पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाला, “हे तर कासरंच हायेत की.” भागवतराव त्या रात्री छान जेवले.

मिरगाचा पाऊस झाला, रानं भिजली, आणि भागवतरावांनी आपल्या तुकड्यात गाडी उतरवायचं ठरवलं. गाव लोटलं. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं, धूर निघाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाडी चिखलावर चढली आणि खरोखरच तरंगल्यासारखी पुढं निघाली. बैलगाडीच्या लांबीएवढी गेली असेल नसेल. बर्फ चिकटत नाही. शेंदवाडीची काळी माती चिकटते. एकदा धरली की सोडत नाही. चाकं आणि पट्टा यांच्यामध्ये चिखलाचे गोळे बसत गेले, पट्टा ताणत गेला, वर चढला, आणि फाडकन निसटून बाजूला पडला.

“साहेब, खाली थोडा बर्फ टाका की!” मलप्पा ओरडला, आणि सगळं रान हसलं.

हसण्याचं काही वाटलं नसतं हो. पण तेवढ्यात अमृतराव पाटलांच्या सांगण्यावरून कुणीतरी घरातून खुर्ची आणली आणि चिखलातच मांडली. “बसा साहेब, दमलाव तुमी.” भागवतराव त्या खुर्चीकडं बघत उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, गाडीसाठी.

आठवडाभर ते शेडकडं फिरकले नाहीत. मग एका दुपारी विमलबाई भाकरीची काटवट धुता धुता म्हणाल्या, “माझा बाप वखर हाणायचा तवा फासंला चिखल धरला की काय करायचा ठाऊक हाय का? पराणीच्या टोकानं खरडायचा. दर येढ्याला. चिखल धरूच द्यायचा न्हाई.”

“मग मी काय पट्ट्याशेजारनं पराणी घेऊन पळू?”

“तुमी कशाला पळता? पराणी बांधा की गाडीला.”

भागवतराव ताटावरून उठलेच. उरलेल्या कमानपाट्यांची पाती केली, त्यांना धार लावली, आणि दर दोन चाकांच्या मध्ये अशी बसवली की चाक फिरलं की माती आपोआप खरवडून बाहेर पडावी. मग कुणाला न बोलावता, घरामागच्या चिखलात एक फेरी मारून पाहिली. माती ढेपेढेपेनं बाहेर उडत होती आणि पट्टा जागेवर होता. विमलबाईंच्या धुतलेल्या लुगड्यांवर चिखलाची रांगोळी उठली, तरी त्या हसत होत्या.

पोळा जवळ आला तसं गाव मारुतीच्या देवळात ठरवाठरवीला बसलं. भागवतराव खुर्ची नाकारून फरशीवर बसले आणि भीत भीत म्हणाले, “यंदा ट्रॅक्टरच्या मागं, अगदी शेवटाला, माझी गाडी तोरणाखालनं नेली तर चालंल का?”

अमृतराव पाटील वयानं मोठे, बोलायला मऊ आणि रिवाजाला कडक. ते म्हणाले, “भागवतराव, राग मानू नका. पोळा राबलेल्याचा असतो. बैल राबतो, ट्रॅक्टर राबतो. तुमच्या गाडीनं या मातीत एक तरी काम केलंय का? बैल म्हणून तिला कसं धरावं? फुडल्या साली बगू. यंदा तुमी आपलं खुर्चीवर बसा, मानानं.”

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

पोळ्याच्या आधी पावसानं झड लावली. पोळ्याच्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली तशी गावानं बैल धुवायला तळ्यावर नेले. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढला होता, पण एका अंगाला खोल खड्डा राहून गेला होता आणि पावसानं तो पातळ चिखलानं काठोकाठ भरला होता. वरून दिसायला साधी ओली जमीन. अमृतरावांच्या मानाच्या जोडीतला हौशा पाणी प्यायला म्हणून त्या अंगाला वळला आणि बघता बघता पोटापर्यंत आत गेला.

आधी दोर लावून माणसांनी ओढलं. बैल हंबरडा फोडायचा आणि आणखी खचायचा. ट्रॅक्टर आणला, तो काठापासून थोडा आत जाताच स्वतःच रुतून बसला, आता त्यालाच काढायची पंचाईत. जेसीबीवाला सणाला आपल्या गावी गेलेला. कुणीतरी म्हणालं, काठावरच्या दोन-तीन जोड्या जुंपू आणि साखळीनं ओढू.

“न्हाई,” अमृतराव म्हणाले. “आज कुणाच्या खांद्यावर जू ठेवायचं न्हाई.”

“मालक, बैल जाईल की!”

“जाऊ द्या. पोळ्याच्या दिवशी जू न्हाई.” आणि एवढं बोलून तो म्हातारा काठावरच्या चिखलात मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. हौशाला त्यांनी वासरू असल्यापासून हातानं चारलं होतं. हौशा आता हंबरतही नव्हता. मान चिखलावर टाकून नुसता बघत होता.

मलप्पा पुढं आला. “मालक, साहेबाची गाडी हाय की. तिला तर तुमीच बैल न्हाई म्हणलाव. मग तिला कुठला आलाय पोळा? आज ह्या गावात कामाला मोकळी अशी तीच येक हाय!”

अमृतराव डोळे पुसत उठले. कुणीतरी निरोप घेऊन पळायला निघालं, त्याला त्यांनी हातानं अडवलं आणि स्वतः अनवाणी निघाले.

भागवतराव ओट्यावर बसले होते. विमलबाईंनी आग्रहानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला होता, पण यंदा देवळाकडं जायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. अमृतराव दारात येऊन चौकटीला धरून उभे राहिले. मागून धापा टाकत आलेल्या मलप्पानं सगळं सांगितलं.

माणूस आहे, क्षणभर मनात आलंच. बर्फातली गाडी ती, आपल्या मातीत कशी चालंल पाटील, असं वाक्य पार ओठांपर्यंत आलं होतं. भागवतरावांनी ते गिळलं. दुसरी भीती मोठी होती. ती पाती एकदाच, घरामागं, हाताएवढ्या चिखलात चालली होती. तळ्याच्या गाळात पट्टा निसटला तर गाडी तिथंच जाईल, बैलही जाईल, आणि पुन्हा या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्यांनी विमलबाईंकडं पाहिलं. विमलबाईंच्या हातात पेट्रोलचा कॅन आधीच होता.

“बगत काय बसलाव?” त्या म्हणाल्या.

नारिंगी गाडी गावातून निघाली तेव्हा रंगवलेल्या शिंगांचे बैल बिचकून बाजूला झाले. तळ्याच्या काठावर कुणी हसलं नाही. मलप्पाला शेजारी बसवून, रुतलेल्या ट्रॅक्टरच्या शेजारून भागवतरावांनी गाडी गाळावर घातली. पुढचा भाग जरा वाकला, पट्टे चिखलावर अंथरले गेले, आणि गाडी वर राहिली. पात्यांमधून मातीच्या ढेपा दोन्ही अंगांना फेकल्या जात होत्या. बैलापासून थोडं अलीकडं त्यांनी डावा दांडा ओढून गाडी फिरवली, पाठ बैलाकडं केली आणि पांढऱ्या शर्टासकट चिखलात उडी मारली.

कमरेपर्यंत गेले. “गळ्याला दोर न्हाई लावायचा,” ते ओरडले. “मान मोडंल. मलप्पा, गाडीतला पट्टा काढ!” कन्व्हेअरच्या पट्ट्याचा उरलेला रुंद तुकडा त्यांनी आणि मलप्पानं हौशाच्या छातीखालून, पुढच्या पायांमागून, हातानं चिखल उकरत उकरत ओवला. तोंड चिखलात जात होतं, थुंकून पुन्हा हात घालायचा. पट्ट्याची टोकं साखळीनं गाडीच्या मागं जोडली. मग भागवतरावांनी काठाकडं बघून हाक दिली, “पाणी! घागरी घेऊन या! पायापाशी पाणी ओता, चिखलाची पकड सुटली पाहिजे. मोठी बस रुतली की आमी तसंच करायचो!”

रुतलेल्या ट्रॅक्टरपासून गाडीपर्यंत फळ्या, दारं, जे हाताला लागलं ते टाकून बायकांनी रांग लावली. सणाच्या नव्या साड्यांतल्या बायका घागरीवर घागरी पुढं देत होत्या, आणि रांगेत शेवटाला, बैलाच्या पायापाशी पाणी ओतत, स्वतः विमलबाई उभ्या होत्या. भागवतराव गाडीत चढले. हात इतके बरबटले होते की दांडे निसटत होते. त्यांनी ते सदऱ्याला पुसले, पण सदराही तसाच.

त्यांनी हळू, अगदी हळू, क्लच सोडला.

साखळी ताणली. इंजिन खोल गुरगुरलं. पट्टे तसूभर पुढं गेले आणि थांबले. भागवतराव पेट्रोलचं पेडल दाबायला गेले आणि त्यांनी पाय आवरला, कारण जोर लावला की चाक जागेवर फिरतं हे त्यांना चाळीस वर्षं बसच्या खाली झोपून कळलेलं होतं. ते नुसते धरून राहिले. आणि मग चिखलानं हौशाला सोडलं. एक मोठा चुबकन आवाज झाला, बैलाची छाती वर आली, मग पुढचे पाय, मग सगळा बैल चिखलावरून घसरत गाडीच्या मागं निघाला, आणि गाडी काठाकडं चालू लागली, संथ, न थांबता, पात्यांतून माती उडवत. गाव एकदम ओरडलं. हलगीवाल्यानं हलगी उचलली आणि जिवाच्या आकांतानं बडवली.

काठावर हौशा बराच वेळ आडवा पडून होता. अमृतरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मग त्यानं कान हलवला, पुढचे पाय रोवले, आणि लटपटत का होईना, उभा राहिला. मलप्पानं भागवतरावांना उचलून धरलं आणि दोघंही तोल जाऊन पुन्हा चिखलात पडले.

दुपार कलली तशी तोरणापाशी वेगळीच अडचण उभी राहिली. हौशाला चालवणं शक्य नव्हतं. तो लिंबाखाली कोरडा केलेला, कडबा चघळत बसला होता. मानाची जोडी एका बैलाची कशी होणार? आणि मानाची जोडी गेल्याशिवाय मागचं कुणी हलणार कसं? बुजुर्गांनी अमृतरावांकडं बघितलं. अमृतराव उठले, हौशाची झूल हातात घेतली, त्याचं बाशिंग घेतलं, आणि धुवायलाही वेळ न मिळालेल्या त्या नारिंगी गाडीपाशी गेले.

“आज राबलं कोण?” त्यांनी सगळ्यांना विचारलं.

त्यांनी झूल टपावर अंथरली आणि बाशिंग काचेवर बांधलं. दोन दिव्यांना मलप्पानं शिंगांचा उरलेला हिंगूळ फासला. मग मंगलाष्टकं झाली, तांदूळ उडाले, आणि मानाच्या जोडीतला दुसरा बैल सोन्या डाव्या अंगाला, उजव्या अंगाला ती बर्फगाडी, अशी जोडी तोरणाखालून गेली. सोन्याचा कासरा अमृतरावांच्या हातात, गाडीचे दांडे भागवतरावांच्या. बैलाच्या चालीनं गाडी चालवायची म्हणजे इंजिन बंद पडू न देता हळू ठेवायचं. भागवतरावांनी ते असं ठेवलं की सोन्यानं एकदाही मान वळवून बघितलं नाही. विमलबाईंनी दोघांना ओवाळलं. पुरणपोळीचा घास सोन्याला दिला आणि गाडीचा घास कुठं द्यावा ते न कळून क्षणभर थांबल्या, मग पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर ठेवला. भागवतराव आत बसून हसत होते आणि त्यांच्या गालांवरच्या वाळलेल्या चिखलातून पाण्याचे ओघळ उतरत होते.

संध्याकाळी मानाच्या घरी, अमृतरावांच्या अंगणात, पंगत बसते. बाहेरगावचे पाव्हणे, जावई, व्याही आधी जेवतात. घरचे आणि गावचे वाढतात आणि मागून बसतात. भागवतराव अंघोळ करून, दुसरा शर्ट घालून आले आणि सवयीनं पंगतीच्या कडेला, मोकळ्या पानाकडं वळले. बसायला वाकणार एवढ्यात कुणीतरी त्यांचा दंड धरला.

अमृतराव होते. त्यांच्या हातात गुळवणीची बादली होती, कडेपर्यंत भरलेली, वाफाळती.

“बसता काय?” ते जरा तापूनच म्हणाले. “पाव्हणे खोळंबलेत. धरा ही, आन् वाढत चला.”

भागवतरावांनी बादली घेतली. आजूबाजूला मलप्पा पोळ्या वाढत होता, कुणी भात, कुणी आमटी. त्यांना घाईत कुणाचा धक्का लागला आणि कुणी माफी मागितली नाही. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, पहिल्या पानापाशी वाकून पोळीवर गुळवणी ओतली, आणि आवाज कापू नये म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले, “सावकाश होऊ द्या, पाव्हणं.”